फायटरला सांग

लग्नाला चार वर्षं झाली तरी माझ्या सासऱ्यांचा आवाज मी फक्त दुसऱ्यांशी बोलताना ऐकला होता. आमच्यात भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. सासरचं घर मूळचं खानदेशातलं, आणि त्यांच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, सासराही सुनेशी बोलत नाही. काही सांगायचं झालं तर मध्ये कोणीतरी लागतं. बहुतेक घरांत ते काम लहान मुलांकडे असतं. "तुझ्या आईला म्हणावं, चहा टाक," असं आजोबा नातवाला सांगतात. सून तिथंच उभी असते, तिला सगळं ऐकू आलेलं असतं, तरी ती नातू येऊन सांगेपर्यंत थांबते. आमच्या घरात मूल नव्हतं. त्यामुळे सासूबाई किंवा माझा नवरा घरात असेल तेवढाच वेळ आमचं बोलणं व्हायचं.

माझं माहेर बुलढाण्याकडचं, पण जन्म, शाळा, नोकरी सगळं सुरतचं. माहेरी आम्ही सगळे एकाच वेळी बोलायचो आणि कोणीच ऐकायचं नाही. जीभ माझी पहिल्यापासून सैल. एम्ब्रॉयडरीच्या खात्यात कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचे तेव्हा शेठसुद्धा माझ्या तोंडी लागायचा नाही. अशा मुलीला सासरी आल्यावर सांगण्यात आलं की सासरे जिन्यात खाकरले की डोक्यावर पदर घ्यायचा, बसली असशील तर उठायचं आणि आतल्या खोलीत जायचं. मी नवऱ्याला म्हटलं, "मला वाटलं त्यांना खोकला आहे. मी काढा करणार होते." तो हसला नाही. त्यांच्या घरात या गोष्टीवर हसत नसत.

सासऱ्यांचा सगळा जन्म सुरतेतच, पांडेसरातल्या डाइंग मिलमध्ये गेला. कापड रंगवायच्या जेट मशीनवर होते. डोळे अधू झाले तसे ते घरी बसले, तरी नखांच्या कडेला कुठलातरी रंग कायमचा मुरलेला होता. अंगाने किरकोळ, बोलणं कमी, आणि लाज भारी. मला तर वाटायचं, चालीरीतींपेक्षा त्यांना लाजच जास्त असावी.

घरात मूल नव्हतं, असं मी वर सहज लिहून गेले, पण ते सहज नव्हतं. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी टाका घातला आणि बजावलं की आता पडून राहायचं. उठायचं ते बाथरूमपुरतं. वजन उचलायचं नाही, जिना चढायचा-उतरायचा तो फक्त तपासणीला. "या खेपेला जपलंत तर होईल," त्या म्हणाल्या. त्या "तर"ने माझी झोप उडवली. या खेपेलाही हातातून गेलं तर पुन्हा धीर करायचा की नाही, हे मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं, आणि ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

आता अडचण अशी की घरी राहणार कोण. नवरा इच्छापोरला कंत्राटी कामावर, सकाळी बस धरायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सासूबाई साड्यांच्या घड्या घालायला एका युनिटमध्ये जायच्या, त्या कामावर पाणी सोडणं परवडणारं नव्हतं. राहता राहिले सासरे. म्हणजे दिवसभर घरात दोनच माणसं, आणि त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही.

पहिले काही दिवस तर त्या बिचाऱ्यांनी कमालच केली. मी खाटेवर आडवी, मला उठता येत नाही, आणि सुनेसमोर ती आडवी असताना यायचं कसं? म्हणून ते सकाळी बाहेर पडायचे आणि मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर दुपारभर उन्हात बसून राहायचे. सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी सासऱ्यांना असं फैलावर घेतलं की खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. "ती आठे एकटी पडेल शे, आनि तुम्ही देवळात भजन करी राहिनात?" त्यानंतर ते बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसू लागले. मी आतल्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, ओट्याच्या समोर खाटेवर. मधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता, ज्यात आम्ही डबे ठेवायचो.

त्या कोनाड्यात माझ्या नवऱ्याने फायटर आणून ठेवला.

का, तर मला करमावं म्हणून. मी म्हटलं होतं, मोबाईल बघून डोकं दुखतं, काहीतरी जिवंत हवं. मला वाटलं होतं तुळशीचं रोप वगैरे आणेल. हा एका सुट्टीच्या दुपारी पिशवीत पाणी आणि पाण्यात एक मासा घेऊन आला. सासूबाईंनी पिशवी उजेडात धरली. "एकच आना? कालवनले तरी पुरी का?"

फायटर हा मासा सुरतेत कुठल्याही माशांच्या दुकानात लहान लहान बरण्यांत ठेवलेला दिसतो. साधा फायटर अंगठ्याएवढा. हा मात्र दुकानदाराने जायंट म्हणून दिलेला, शेपटी सोडूनही माझ्या मधल्या बोटाहून लांब. निळा, पंखांच्या कडा लालसर. अंग असं भरलेलं की पहिल्यांदा बघितल्यावर मला थोडी भीतीच वाटली. नवऱ्याने दुकानदाराकडून सगळं शिकून घेतलं होतं, आणि त्याला काही शिकवलं की तो दुसऱ्याला शिकवल्याशिवाय राहत नाही. बरणीत ठेवायचा नाही, मोठी काचेची पेटी हवी. वर झाकण पाहिजे, हा उडी मारतो. हवेचा पंप नाही लागत, हा वर येऊन तोंडाने हवा घेतो. नळाचं पाणी सरळ घालायचं नाही, बादलीत दिवसभर ठेवायचं, म्हणजे औषधाचा वास जातो, आणि वर दुकानातून आणलेल्या बाटलीतले थेंब टाकायचे. पाणी सगळं एकदम बदलायचं नाही, आठवड्याला पाव काढायचं, पाव घालायचं. आणि दुसरा नर शेजारी ठेवायचा नाही, एकमेकांच्या जिवावर उठतात.

शेजारच्या गुजराती बेन डबा परत द्यायला आल्या होत्या, त्या पेटीकडे बघत म्हणाल्या, "आने एकलो ज राखवानो? बिचारो!"

"बिचारा कसला," मी म्हटलं, "माझ्यासारखाच आहे. खाट, खाणं आणि कोणी जवळ आलं की अंगावर धावून जाणं."

तो खरंच धावून जायचा. स्टीलचा डबा पेटीजवळ ठेवला की त्यात स्वतःला बघून गाल फुगवायचा, सगळे पंख ताणायचा, दुप्पट दिसायचा. मग मी डबा काढून घ्यायचे, आणि तो कोण पळालं म्हणून शोधत फिरायचा. दिवसभरात एवढीच माझी करमणूक होती, पण खोटं कशाला सांगू, मला खूप बरं वाटायचं. सकाळी डोळे उघडले की तो काचेला नाक लावून माझ्याकडे बघत असायचा. त्याला खायला हवं असायचं, मला माहीत होतं. तरी कोणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायचं.

कोनाड्याच्या त्या बाजूला सासरे बसायचे. तेही त्याच्याकडेच बघत असायचे. काचेतून, पाण्यातून, पेटीतल्या झाडाच्या पानाआडून मला त्यांचा पांढरा सदरा दिसायचा.

एका सकाळी सासूबाई जाताना गॅसवर दूध ठेवून गेल्या आणि बंद करायला विसरल्या. मला डुलकी लागली होती. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, नेहमीपेक्षा बराच मोठा:

"अरे फायटर! दूध उतू चालनं ना!"

मी दचकून उठणार, तेवढ्यात तोच आवाज आणखी घाईने आला, "तिले सांग, उठू नको. मी येस." जिन्यात खाकरावं तसे ते दोन खोल्यांच्या दारात खाकरले, मान खाली घालून आत आले, गॅस बंद केला, आणि तसेच उलट पावली बाहेर गेले. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. टाक्याची भीती नसती तर खदाखदा हसले असते.

मग मीही पेटीकडे तोंड करून म्हटलं, "फायटर, त्यांना सांग, बरं झालं."

पलीकडे मग खुर्ची करकरली, तेवढंच.

पण त्या दिवसापासून रस्ता सापडला. चालीत बसत होतं. थेट कोणीच कोणाशी बोलत नव्हतं, मध्ये एक जीव होता, त्याला सांगितलं जात होतं. "फायटर, तिले इचार, गोळी खादी का?" "फायटर, सांग त्यांना, खाल्ली. आणि त्यांनी डोळ्यात औषध घातलं का विचार." "फायटर, तिले सांग, दारवर कोनी नही." सुरुवातीला कामापुरतं होतं. नंतर सासरे त्याला आपली खबरबात सांगू लागले. मिलमधले कोण भेटले, पलसाण्याच्या मिलमध्ये कोणाचा मुलगा कामाला लागला, खाडीच्या पाण्याला आज कुठला रंग होता. मला ऐकू जावं एवढ्या आवाजात. मी मध्येच फायटरला काहीतरी विचारायचे, आणि उत्तर फायटरला मिळायचं. या माणसाकडे एवढ्या गोष्टी आहेत हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं. त्यांच्या बायकोलाही माहीत होतं की नाही, शंकाच आहे.

माशाचं खाणंपिणं त्यांनी हळूहळू आपल्याकडे घेतलं. नवरा सकाळी मोजके दाणे टाकून जायचा, पण हे दुपारी चोरून टाकायचे, संध्याकाळी पुन्हा. त्याचं पोट सुपारी गिळल्यासारखं फुगलं आणि तो तिरका पोहायला लागला. नवऱ्याने दुकानदाराला फोन केला. दुकानदार म्हणाला, खायला बंद करा, एक-दोन दिवस उपाशी राहू दे, आणि पुढेही आठवड्याला एक दिवस काही देऊ नका. सासरे हे ऐकून इतके खजील झाले की स्वतः त्या रात्री भाकरी कमी खाल्ली. पण उपाय त्यांना पटला. ते स्वतः शनिवार करायचे, त्याचाही शनिवार लावून टाकला. "आज तुना बी शनवार आनि मना बी," असं त्याला सकाळीच सांगायचे. फायटर काचेवर नाक आपटत राहायचा. त्याची काही श्रद्धा नव्हती.

एके सकाळी पेटीच्या कोपऱ्यात पाण्यावर पांढरा फेस साचलेला दिसला, बारीक बारीक बुडबुड्यांचा. सासूबाई म्हणाल्या, घाण धरली. नवऱ्याने सांगितलं, घाण नव्हे, घरटं आहे. यांच्यात नर घरटं करतो. मादीने अंडी घातली की तिला हाकलून देतो आणि एकटाच राखण करतो. अंडं खाली पडलं तर तोंडात धरून पुन्हा वर ठेवतो. "आता मादी नाही, अंडी नाहीत, तरी करतोय," तो म्हणाला. त्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर पलीकडची खुर्ची जवळ सरकली. सासरे बराच वेळ त्या फेसाकडे बघत होते. "कामना गडी शे," ते म्हणाले. हे मात्र मला उद्देशून नव्हतं, त्यालाच होतं.

असा पाचवा महिना आला. ज्या महिन्याची मला धडकी होती तो. मी फारशी बोलेनाशी झाले. पोटात कळ आली की घाम फुटायचा, कळ नाही आली की वाटायचं, हालचाल का नाही. सगळ्यांना सांगायचे, बरी आहे. सासूबाई रोज दृष्ट काढायच्या. नवरा कामावरून तीन-तीन फोन करायचा. मी म्हणायचे, बरी आहे.

त्याच सुमारास फायटरच्या शेपटीच्या कडा झिजल्यासारख्या दिसू लागल्या. दुकानदाराने सांगितलं, बदामाचं वाळलेलं पान टाका. आपल्याकडे शाळांच्या आवारात असतो तो देशी बदाम, मोठ्या पानांचा. त्याचं गळून सुकलेलं पान धुऊन पाण्यात सोडायचं. पाणी चहासारखं तांबूस होतं, त्याला ते मानवतं. नवऱ्याने रात्री येताना पान आणलं, टाकलं, मला सगळं समजावलं, आणि सकाळी बस धरायला निघून गेला. सासऱ्यांना सांगायचं राहिलं. कोणाच्या लक्षातच आलं नाही की त्यांना कोणी सांगायला हवं.

दोन-तीन दिवसांत पाणी चांगलंच तांबडं झालं. सासरे पेटीकडे बघून च्‌ च्‌ करायचे. आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांचं पुढचं वागणं कोणाला समजणार नाही. मिलमध्ये कापड रंगवून झालं की ते धुतात, आणि धुतलेलं पाणी रंगीत येत असेल तर ते सगळं सोडून देतात आणि नवीन पाणी घेतात. पुन्हा रंगीत आलं, पुन्हा सोडून देतात. पाणी नितळ येईपर्यंत कापड बाहेर काढायचं नाही. रंगीत पाणी म्हणजे काम बिघडलेलं पाणी. ते खाडीत जातं, आणि त्या खाडीत काही जगत नाही, हे त्यांनी जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं. अशा माणसाच्या नजरेसमोर निळा मासा आणि तांबडं होत जाणारं पाणी. त्यांना वाटलं, माशाचा रंग सुटतोय.

माझ्या सोनोग्राफीचा दिवस होता. नवऱ्याने सुट्टी घेतली, आम्ही रिक्षा हळू चालवायला सांगून गेलो. सगळं ठीक निघालं. ठोके चांगले होते. डॉक्टरीणबाई हसल्या, पण म्हणाल्या, टाक्यावर ताण आहे, आता अजिबात हलगर्जीपणा नको, दचकून उठणं-बसणंसुद्धा नको. घरी आल्यावर नवऱ्याने मला खाटेवर आडवं केलं आणि तो औषधं आणायला खाली गेला.

मी मान वळवली तर पेटी झगझगत होती. पाणी इतकं नितळ की आत पाणी आहे की नाही कळू नये. खडे चकचकीत, झाड धुतलेलं, पान गायब. पलीकडे सासरे उभे होते, सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या. चेहऱ्यावर असा आनंद होता की मी एवढ्या वर्षांत पाहिला नव्हता. "फायटर, तिले दाखाड," ते म्हणाले, "पानी दख कसं काच शे."

फायटर तळाशी पडला होता. पंख अंगाला चिकटलेले, निळा रंग राखाडी झालेला, कल्ले भराभर हलत होते. वर यायचा प्रयत्न करायचा आणि अर्ध्यातून खाली घसरायचा.

नळाचं ताजं पाणी, सगळंच्या सगळं. मला लख्ख कळलं. कालचं साठवलेलं पाणी मोरीजवळच्या बादलीत होतं, चार पावलांवर. मी पाय खाली सोडले.

"उठू नको!"

तो आवाज फायटरसाठी नव्हता. सासरे दारात आले होते, खाकरले नव्हते, मान खाली नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होते. "उठू नको, पोरी! झोपी जाय. मी करस. तू फक्त सांग."

मध्ये सांगायला कोणी उरलंच नव्हतं. ज्याला सांगायचं तोच तळाशी पडला होता. मी पाय वर घेतले आणि सांगायला लागले. बाबा, ते मोठं पातेलं घ्या. घासलेलं आहे ना, साबण नाही ना? त्या बादलीतलं पाणी घाला, अर्ध्यापर्यंत. कपाटात निळ्या झाकणाची बाटली आहे, तिचे थेंब टाका. मोजू नका, दोन-चार पुरे. आता वाटीने त्याला उचला, हाताने नको. हळू. ते "हं, हं" म्हणत करत गेले. वाटी जराही सांडली नाही. पातेलं माझ्या खाटेशेजारी स्टुलावर आणून ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसले, माझ्यापासून हातभर अंतरावर. पूर्वी असं झालं असतं तर दोघांपैकी एकजण लाजेने खोली सोडून गेला असता.

"मन्हा हातथीन चूक व्हयनी," ते पातेल्यात बघत म्हणाले. "माले वाटनं, त्याना रंग चालना. तुले बरं वाटी म्हनीसन धुयं."

मग हळू आवाजात विचारलं, "आज डॉक्टर काय बोलनी?"

मी सांगितलं, ठोके चांगले आहेत. त्यांनी डोळे मिटले. मला समजलं की त्यांच्या मनात काय आलंय. तेच माझ्याही मनात आलं होतं. असल्या शकुन-अपशकुनांवर माझा विश्वास नाही, पण त्या वेळी पातेल्यातला तो राखाडी जीव जगावा म्हणून मी सगळे देव बोलावले.

नवरा औषधं घेऊन आला तेव्हा त्याचा बाप आणि बायको एका पातेल्यापाशी बोलत होते. तो दारातच थांबला. काय झालं हे त्याला आधी माशावरून कळलं की आमच्यावरून, मला माहीत नाही. ते पान औषधाचं होतं हे त्याच्याकडून कळताच सासरे उठून चपला घालून निघाले, ते बऱ्याच वेळाने परतले, पिशवीभर बदामाची वाळलेली पानं घेऊन. कुठल्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून शिपायाला विनवून आणली होती. एक पान पुरे होतं. बाकीची सासूबाईंनी महिनाभर डब्यावर डबे रचून सांभाळली, कारण ती फेकायची म्हटलं की सासरे गप्प व्हायचे.

फायटर दुसऱ्या दिवशीही तळाशीच होता. पण संध्याकाळी वर आला, हवेचा एक घोट घेतला आणि खाली गेला. सासऱ्यांनी मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, "ऊना रे ऊना, वर ऊना!" आठवड्याभरात रंग परतला. शेपटीची एक बाजू मात्र कायमची आखूड राहिली. पाव पाणी काढून पाव घालायचं काम तेव्हापासून सासऱ्यांचं झालं, आणि त्यात ते नवऱ्यालासुद्धा हात लावू देत नसत.

तुम्हाला वाटेल की त्या दिवसानंतर आम्ही बोलायला लागलो असू. नाही. मासा पेटीत परत गेला आणि सासरे खुर्चीत. पुन्हा "फायटर, तिले सांग" सुरू झालं. मीही काही म्हटलं नाही. एकदा माणूस कशासाठीतरी दार उघडून धावत आला, म्हणून ते दार आपण कायमचं उघडं टाकायला लावू नये, असं मला वाटलं. त्यांच्या लाजेचा मला मान होता, आणि आता मायाही होती. पाचवा महिना गेला, सहावा गेला. बाहेरच्या खोलीतून येणाऱ्या आवाजावर मी एकेक दिवस ढकलला. आईबापांनी जन्म दिला, नवऱ्याने जीव लावला, हे सगळं आहेच. पण ते पडून काढलेले महिने माझ्याकडून झाले ते त्या दोघांमुळे, एक पाण्यातला आणि एक खुर्चीतला. त्यांचं ऋण मला नेहमी आठवतं आणि ते आठवून बरंच वाटतं.

दिवस भरत आले तसा टाका काढला. मग कळा सुरू झाल्या त्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि शेवटी ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. रडली तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या कोणाची तरी असेल. नर्सने दाखवली तरी मी दोनदा विचारलं.

दुपारी वॉर्डात सगळे जमले. माझी आई, सासूबाई, शेजारच्या बेन, आणि गावाहून आलेली सासऱ्यांची थोरली बहीण. या आत्याबाई म्हणजे घराण्याच्या चालीरीतींचं पोलीस ठाणं. मी ऑपरेशनच्या खाटेवरसुद्धा डोक्यावर पदर नीट घेतलाय की नाही, हे त्यांनी आधी बघितलं, मग मुलीकडे बघितलं. जो तो विचारत होता, कसं वाटतंय, आणि मी प्रत्येकाला सांगत होते, बरं आहे, काही नाही. तीच जुनी सवय. खरं तर भूल उतरत होती आणि पोटात आग पेटली होती.

सासरे सगळ्यांत शेवटी आले. दारात खाकरले. मी पदर पुढे ओढायला हात उचलला, पण सलाइनची नळी होती, उचलला गेला नाही. सासूबाईंनी मुलगी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अशी धरली की कोणी श्वास घेतला तरी सांडेल. आत्याबाई खूश होऊन म्हणाल्या, "चला, आते घरात पोर ऊनी. आते तुले सूनले काही सांगनं व्हयनं, तर हिले सांगत जाय."

सासऱ्यांनी मुलीकडे बघितलं. मग ती अलगद सासूबाईंकडे परत दिली. स्टूल ओढलं, माझ्या उशाशी आणलं आणि बसले. सगळ्यांच्या देखत, मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दुखस का वं, पोरी?"

आत्याबाईंचं तोंड उघडं होतं.

"मागला दोन्ही येळे मी भाईर बसेल व्हतू," ते म्हणाले. "माले ऐकू ये, तू रडे ते. इचारं नही मी तुले. एकदा बी इचारं नही."

त्या दोन वेळांबद्दल आमच्या घरात तोपर्यंत कोणीच एक शब्द काढला नव्हता. नवऱ्यानेही नाही, मीही नाही. मी तोंड उघडलं आणि नेहमीचं "बरं आहे" ओठांवर आलं, पण त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"खूप दुखतंय, बाबा," मी म्हटलं. "तेव्हाही खूप दुखलं होतं."

"हं," ते म्हणाले. "सांग."